‘रीडिंग डेटाबेस’च्या आत काय आहे?

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर काहीही इन्स्टॉल करा, ‘रीडिंग डेटाबेस’ अशी ओळ येते आणि टक्के पळू लागतात. खरं तर तिथे डेटाबेस म्हणावा असं काही नाही. डीपीकेजी, म्हणजे पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बसवणारा तिथला प्रोग्राम, प्रत्येक पॅकेजची ‘लिस्ट’ फाईल उघडून त्यातले पाथ (फाईलींचे पत्ते) वाचत असतं. डिपेन्डन्सी, म्हणजे कोणत्या पॅकेजला दुसरं काय लागतं ही माहिती, ‘स्टेटस’ नावाच्या एका साध्या मजकुरी फाईलमध्ये असतात.

१९९३ साली आलेल्या स्लॅकवेअर या लिनक्समध्ये डिपेन्डन्सीची तेवढीही नोंद नव्हती. फक्त कोणत्या पॅकेजने कोणत्या फाईली टाकल्या याची यादी असायची. लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) सापडली नाही तर शोधाशोध तुमची तुम्ही करायची. डेबियनने नोंद ठेवली, पण मजकुरातच. हे संथ आहे, तरी बिघडलं तर कुठल्याही एडिटरमध्ये उघडता येतं. शिवाय ‘व्हार’ फोल्डरखालच्या ‘बॅकअप्स’ फोल्डरमध्ये स्टेटसच्या मागच्या प्रती ठेवल्या जातात. जुनी प्रत परत आणली की त्यानंतर टाकलेली पॅकेजेस मात्र पुन्हा इन्स्टॉल करावी लागतात, कारण फाईली डिस्कवर असल्या तरी त्यांची नोंद गेलेली असते.

रेड हॅट कंपनीच्या आरपीएम या पॅकेज प्रोग्रामने १९९५ नंतर दुसरी वाट धरली: बर्कले डीबी हा तयार डेटाबेस. सगळे हेडर (प्रत्येक पॅकेजची माहिती) ‘पॅकेजेस’ या एका फाईलमध्ये आणि बाकीच्या फाईली म्हणजे नुसत्या सूची. कोण काय पुरवतं आणि कोणाला काय लागतं, हे त्यामुळे झटकन सापडू लागलं. पॅकेजच्या नावाऐवजी क्षमतेवर बोट ठेवता येणं ही यातली खरी गंमत. रेड हॅटच्या पाठबळावरच्या फेडोरा या लिनक्समध्ये ‘एमआर (म्हणजे मराठी) भाषेचा फॉन्ट’ हीसुद्धा एक क्षमता आहे, आणि ती पुरवणाऱ्यांत लोहित येतो, ज्याचं बरंचसं काम पुण्यात झालं.

पण बर्कले डीबीने अॅडमिन लोकांचा घामही काढला. आरपीएमची पॅकेजेस आणून बसवणारा यम चालू असताना कोणी ‘किल माइनस नाइन’ मारलं, म्हणजे तो सक्तीने बंद केला, की डेटाबेसचा लॉक तसाच राहायचा आणि पुढची प्रत्येक आरपीएम कमांड लटकायची. उपाय ठरलेला: आरपीएम किंवा यमची एकही प्रोसेस चालू नाही याची खात्री करा, अख्ख्या फोल्डरची प्रत काढा, ‘डीबी डॉट शून्य शून्य एक’ वगैरे फाईली उडवा, मग सूची नव्याने बांधणारी रीबिल्डडीबी कमांड चालवा. प्रत न काढता रीबिल्ड करणं हा शुद्ध जुगार! ‘पॅकेजेस’ फाईलच खराब असेल तर न वाचता येणारे हेडर गळून जातात. म्हणून आधी आणि नंतर पॅकेजेस मोजावीत. आकडा घटला तर लायब्ररी डोळ्यांसमोर असूनही यम ‘नाही’ म्हणणार.

रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजेसच्या ऑनलाइन कोठारात, काय मिळतं याची वही वेगळीच. यम ती एक्सएमएल या मजकुरी स्वरूपात आणायचा; ते वाचायला वेळ लागतो म्हणून पुढे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या तयार फाईली दिल्या जाऊ लागल्या. कोणती आवृत्ती कोणाशी जुळेल हे कोडं गणिती अर्थाने अवघड आहे. २००८ मध्ये ओपनसुसे ११.० या लिनक्सने त्यासाठी सॅट सॉल्व्हर, म्हणजे असं तार्किक कोडं सोडवणारी लायब्ररी, आणली आणि तीच यमचा वारसदार डीएनएफने घेतली. मे २०१५ च्या फेडोरा २२ मध्ये डीएनएफ यमच्या जागी बसला.

बर्कले डीबीची अखेर झाली ती परवान्यामुळे. २०१३ मध्ये ओरॅकलने ६.० आवृत्ती एजीपीएल या अधिक कडक मुक्त परवान्याखाली आणली आणि फेडोरा ५.३ वरच थांबलं. अशा गोठलेल्या कोडवर प्रत्येक मशीनची नोंद सोपवून ठेवणं किती दिवस चालणार? २०२० च्या फेडोरा ३३ ने ती नोंद एसक्यूलाइटमध्ये हलवली, २०२२ च्या आरएचईएल ९ (रेड हॅटचं कंपन्यांसाठीचं लिनक्स) नेही तेच केलं.

आरएचईएलवर बेतलेल्या मोफत सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे हिंजवडी-खराडीतले जे सर्व्हर थेट ९ व्या आवृत्तीवर गेले त्यांना हा बदल एकदम भेटतो. ‘पॅकेजेस’ फाईल आहे का, एवढंच पाहणारी जुनी स्क्रिप्ट नव्या मशीनवर ‘काहीच इन्स्टॉल नाही’ असं बिनदिक्कत सांगते. तिथे फाईल न उघडता थेट आरपीएमलाच विचारावं.