बेट की बर्फाचा फुगवटा?

अलास्काच्या उत्तरेला, प्रूडो बे जवळच्या समुद्रात डिंकम सँड्स नावाचा खडीचा उंचवटा आहे. कधी डोकं वर काढतो, कधी बुडतो. झाड नाही, घर नाही. तरी अमेरिकेचं केंद्र सरकार आणि अलास्का राज्य त्यावरून सुप्रीम कोर्टात भांडले. 1979 साली दाखल झालेल्या दाव्यातला हा एक मुद्दा, निकाल 1997 मध्ये.

कारण अर्थात तेल. समुद्रतळ केंद्राचाच, असं कोर्टाने 1947 साली कॅलिफोर्नियाला बजावलं होतं. मग 1953 मध्ये संसदेने कायदा करून किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरचा, तळ राज्यांना देऊन टाकला. (आपल्याकडे हा तंटाच नको म्हणून की काय, राज्यघटनेच्या कलम 297 ने समुद्राखालचं सगळं केंद्राकडेच ठेवलं आहे.) आणि बेटालाही किनारा असतो, म्हणजे त्याच्याभोवतीही तीन मैल आलेच.

पण मोजायचं कुठून? ओहोटीच्या रेषेपासून. त्यावर कोकणातला मच्छीमार लगेच विचारेल, ओहोटी उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेची) की भांगाची (अष्टमीच्या सुमाराची)? कॅलिफोर्नियात तर दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. 1965 मध्ये कोर्टाने त्यातली जास्त खालची धरली, तिची सरासरी काढून. उतार पन्नासास एक असेल, तर पाणी एक फूट उतरताच किनारा पन्नास फूट पुढे जातो. ही सरासरी 19 वर्षांची घेतात, कारण चंद्रकक्षेचे पातबिंदू, म्हणजे आपले राहू-केतू, 18.6 वर्षांत एक फेरी पुरी करतात आणि त्यानुसार भरतीची उंची कमीजास्त होते.

बेट मात्र सरासरी भरतीच्याही वर हवं. डिंकम सँड्सची गंमत अशी, की त्याच्या खडीत बर्फ आहे. तो वितळला की उंचवटा खचतो. वर्षातून कधीतरी पाण्यावर असला तरी पुरे, असं अलास्काचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, कधीतरी नव्हे, एरवी बहुतेक वेळ वर असायला हवा. दावा फसला.

कॅलिफोर्नियाची हद्द 2014 साली कोर्टाने नकाशावरच्या ठरावीक निर्देशांकांनी कायमची आखून दिली. तोवर किनारा सरकला की हद्दही सरकायची. आता वाळू वाहून गेली तरी रेघ जागच्या जागी.