गुब्बिओची लाली धुरातली

इटलीच्या उंब्रिया प्रांतात इंजिनो डोंगराच्या उतारावर गुब्बिओ वसलंय. गावभर चढच चढ. चौदाव्या शतकातल्या पलाझ्झो देई कॉन्सोलीपर्यंत पोचेस्तोवर धाप लागते. पण जाणकारांना हे गाव ठाऊक आहे ते सोळाव्या शतकातल्या ताटल्यांमुळे. जॉर्जिओ आंद्रेओली या उस्तादाच्या कारखान्यातली ताटली उजेडात जरा तिरकी धरली, की नक्षीतली लाली माणकासारखी पेटते. दुसऱ्या गावांत रंगवून, भाजून तयार झालेली भांडीही केवळ ही झळाळी चढवायला इथे येत.

आधी मातीचं भांडं भाजायचं, मग कथील-शिशाची पांढरी झिलई देऊन, रंगवून पुन्हा भाजायचं. खरी मेख तिसऱ्या भाजणीत. तांब्याची किंवा चांदीची संयुगं, गेरूसारखी माती आणि व्हिनेगर यांचा लेप नक्षीवर लावतात आणि भट्टी साधारण 600 अंश सेल्सिअसपर्यंतच तापवतात. एवढ्या आचेवर झिलई मऊ पडते, पण ओघळत नाही. तांब्या-चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) तिच्यात शिरतात, सोडियम-पोटॅशियमचे बाहेर पडतात. मग हवा कोंडून धूर करायचा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे आत शिरलेल्या आयनांचं क्षपण होऊन, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन मिळून, धातूचे कण तयार होतात, काही नॅनोमीटरपासून काही दहा नॅनोमीटरपर्यंतचे. तांब्याचे कण हिरवा-पिवळा प्रकाश शोषतात, म्हणून लाल दिसतं. चांदीचे निळा-जांभळा शोषतात, म्हणून सोनेरी. कण दाटीवाटीने बसले, की थर धातूसारखा चमकतो.

भट्टीतून निघालेलं भांडं काळंमिट्ट असतं. लेप घासून काढल्यावरच कळतं, साधलं की फसलं. धूर कमी पडला तर चमक नाही, जास्त झाला तर काजळी. कुंभारकामावर ग्रंथ लिहिणाऱ्या चिप्रिआनो पिक्कोल्पास्सोने 1557च्या सुमारास लिहून ठेवलंय, की शंभरातली जेमतेम सहा चांगली निघतात! मूळ युक्ती नवव्या शतकातल्या इराकची. स्पेनमार्गे ती इटलीत आली.

ताटल्या पाहून झाल्या, की गावाबाहेरची बोत्ताच्चिओने खिंड चुकवू नये. तिथल्या चुनखडकात सेंटिमीटरभर जाडीचा मातीचा थर आहे, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात इरिडियम हा पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण लघुग्रहांत मुबलक असलेला धातू आजूबाजूच्या खडकापेक्षा सुमारे 30 पट सापडला आणि 1980 मध्ये लुईस व वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसह डायनासोरांच्या अंताचं खापर लघुग्रहावर फोडलं. त्याच सुमारास आपल्या दख्खनवर लाव्हा वाहत होता. त्याचा या संहारात वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडताहेत.