स्कॉटलंडमधील तंबूचा मुक्काम : हक्क, संकेत आणि परवाना

जमीन कोणाची आहे हे न विचारता डोंगरात पायी हिंडण्याची स्कॉटलंडमधील रीत जुनी आहे, परंतु तिला लेखी कायद्याचा आधार मिळाला तो अलीकडे. एकोणिसाव्या शतकात हायलँड्स या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशातील विस्तीर्ण जमिनी हरणांच्या शिकारीसाठी राखल्या गेल्या आणि वाटा बंद होऊ लागल्या. 1847 मध्ये ग्लेन टिल्ट या खोऱ्यातून विद्यार्थ्यांसह जाणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना जमीनदाराने अडवले आणि त्या वाटेचा वाद न्यायालयात गेला. डोंगर सर्वांना खुले करण्यासाठी 1884 मध्ये संसदेत आलेले विधेयक मंजूर झाले नाही.

स्कॉटलंडमध्ये परक्या जमिनीवर जाण्याविरुद्ध कधी कायदाच नव्हता, असे अनेकदा लिहिले जाते. ते अर्धसत्य आहे. नुसते चालत जाणे हा गुन्हा नव्हता. मात्र 1865 च्या कायद्याने मालकाच्या संमतीवाचून खासगी जमिनीवर तळ ठोकणे गुन्हा ठरवले होते. त्यामुळे दिवसा ज्या डोंगरावर कोणी हरकत घेत नसे, तेथेच रात्री तंबू ठोकणारा गुन्हेगार ठरू शकत होता.

2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने परक्या जमिनीवर जाण्याचा आणि मुक्काम करण्याचा हक्क सर्वांना देऊन ही विसंगती दूर केली. 2001 च्या मसुद्यात जमीनमालकांना प्रवेश तात्पुरता थांबवण्याची मुभा होती. ती लोकांच्या विरोधामुळे वगळली गेली, हे विशेष नोंदवायला हवे. फेब्रुवारी 2005 पासून हा हक्क अंमलात आला. त्यात चालणे, सायकल, घोडेस्वारी, होडी आणि मुक्काम येतात. मोटारवाहने, शिकार, मासेमारी आणि घरालगतचे आवार येत नाही. हक्क जबाबदारीने बजावला तरच तो हक्क, ही अट कायद्यातच आहे.

खरा गुंता ‘वाइल्ड कॅम्पिंग’, म्हणजे ठरावीक तळाबाहेर मोकळ्या निसर्गात तंबू ठोकून राहणे, या शब्दाचा आहे. कायद्यात त्याची व्याख्या नाही. सोबतच्या आचारसंहितेत त्याचे वर्णन आहे : सामान हलके, माणसे थोडी आणि एका जागी फार तर दोन-तीन रात्री. पाठीवर तंबू घेऊन डोंगर चढणाऱ्याला हे वर्णन चपखल बसते. परंतु मोटार रस्त्याकडेला लावून लॉक लोमंड सरोवराच्या काठी तंबू ठोकणाऱ्या कुटुंबाचे काय? त्याच काठांवर कचरा, तोडलेली झाडे आणि मद्यपींचा धिंगाणा वाढला होता, हे नाकारता येत नाही. तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थापनाने 2011 मध्ये पूर्व काठावर उपविधी, म्हणजे त्या भागापुरते कायदेशीर नियम, लागू केले आणि मार्च 2017 पासून ते इतर सरोवरांच्या काठांपर्यंत वाढवले. मार्च ते सप्टेंबर या काळात ठरावीक पट्ट्यांत परवान्याशिवाय तंबू लावणे तेव्हापासून गुन्हा झाले.

हे पट्टे उद्यानाच्या 4 टक्क्यांहूनही कमी क्षेत्रात आहेत, असे समर्थक सांगतात. तो आकडा खरा असला तरी त्यातून पूर्ण चित्र दिसत नाही, कारण ग्लासगोहून सहज पोहोचता येणारे, लहान मुलांना आणि वृद्धांना झेपणारे पाण्याकाठचे सपाट तुकडे नेमके त्यातच आहेत. झाडे तोडणे, घाण करणे आणि दंगा करणे यांविरुद्ध कायदे आधीपासून होते. ते कठोरपणे राबवण्याऐवजी जबाबदारीने राहणाऱ्यालाही परवाना सक्तीचा करण्यात आला, हा गिर्यारोहक आणि पदयात्री संघटनांचा आक्षेप होता आणि तो वजनदार होता. पट्ट्यांबाहेर, काठावरून वर चढून डोंगरउतारावर गेलेल्याला मात्र आजही कोणाची परवानगी लागत नाही.