आकृतिबंध प्रदर्शन (नाशिक परिसर)

आकृतिबंध प्रदर्शन : एखादा घटक ठरलेल्या नियमाने पुन्हा पुन्हा आला की आकृतिबंध तयार होतो. विणकाम, शिल्प, चित्र, संगीत, काव्य अशा निरनिराळ्या शाखांतील आकृतिबंध एकाच दालनात मांडून त्यांचे नियम उलगडून दाखवणारे समकालीन कलाप्रदर्शन म्हणजे आकृतिबंध प्रदर्शन. 1970 च्या दशकात अमेरिकेत मिरियम शपिरो, जॉयस कोझलॉफ आदी कलावंतांनी गोधड्या, फरश्या, विणकाम यांतील नक्षीला चित्रकलेच्या बरोबरीचे स्थान मागितले. त्या चळवळीने अशा मांडणीला मोठे बळ दिले. भारतात नसरीन मोहम्मदी (1937–1990) यांची शाईच्या बारीक रेषांची चित्रे मागावरच्या ताण्याची (उभ्या धाग्यांची) आठवण करून देतात.

दिसण्यातले साम्य दाखवणे सोपे असते. कमळाशेजारी कमळ ठेवले की काम झाले असे मानणारी मांडणी वरवरची राहते. जोडायचे असतात ते नियम. गणिताने हे नियम मोजलेले आहेत. एका पट्टीत पुढे पुढे जाणाऱ्या नक्षीचे, सममितीच्या दृष्टीने, फक्त 7 प्रकार होतात आणि सपाट पृष्ठभाग भरणाऱ्या नक्षीचे 17. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्ह यांनी 1891 मध्ये हे 17 प्रकार सिद्ध केले. साडीचा काठ, देवळावरचा थर आणि उंबऱ्यापुढची रांगोळीची पट्टी या तिन्ही ठिकाणच्या अखंड नक्षीला त्या सातांपैकी एक प्रकार घ्यावाच लागतो.

नाशिक जिल्ह्यात या विषयाला सर्वांत समृद्ध सामग्री येवल्यात मिळते. हातमागावरच्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाच्या बाण्याची (आडव्या धाग्याची) वेगळी कांडी असते. दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून मागे वळवले जातात, त्यामुळे उलट बाजूला लोंबते धागे राहत नाहीत आणि नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते. बांगडी मोर या नक्षीत मोराभोवती असलेली बांगडी दुरून गोल वाटते. जवळून तिची कड पायऱ्यापायऱ्यांची असते, कारण आडव्या-उभ्या धाग्यांना वळण घेता येत नाही. म्हणून पैठणी भिंतीला चिकटवून टांगणे हा तिच्यावर अन्याय आहे. ती दोन्ही बाजूंनी पाहता यायला हवी आणि शेजारी माग हवा. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

दगडात हाच विचार मापाच्या खेळातून येतो. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील चैत्यगृहाच्या (बौद्ध प्रार्थनागृहाच्या) दर्शनी भागावर लाकडी कठड्याची नक्कल असलेली वेदिकापट्टी आणि लहान-मोठ्या चैत्यकमानी आहेत. सिन्नरच्या यादवकालीन गोंदेश्वर मंदिराचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे : छोट्या शिखरांच्या ओळी थराथराने लहान होत वर जातात आणि त्यांतून मोठे शिखर उभे राहते.

ध्वनीतला आकृतिबंध दालनात आणणे कठीण, पण नाशिकला तो टाळता येत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931) यांनी उत्तरायुष्यात येथे रामनाम आधाराश्रम चालवला. त्यांच्या स्वरलेखनपद्धतीमुळे गायन कागदावर चिन्हांत उतरले. तीनतालाच्या 16 मात्रांवर समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, पाच मात्रांचा बोल तीनदा वाजवला आणि मध्ये एकेक मात्रा थांबले, तर या तिहाईची (तीनदा वाजवलेल्या बोलाची) शेवटची मात्रा, सतरावी, बरोबर पुढच्या समेवर पडते. परंपरेनुसार टाकळीला तपश्चर्या केलेल्या समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत : लघु-गुरु-गुरु हा गण प्रत्येक चरणात चार वेळा, एकूण 12 अक्षरे. चरण म्हणताना शेजारच्या पडद्यावर लघूला ठिपका आणि गुरूला रेघ उमटत गेली, तर त्यातून एक काठच विणला जातो, आणि तो पट्टीच्या सात प्रकारांपैकी कोणता हेही सांगता येते.

वारली चित्रांबाबत अधिक जपून वागावे लागते. वारली समाजाची वस्ती पालघरबरोबर नाशिकच्या पश्चिम भागातही आहे. जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, 2011) यांच्यामुळे ही चित्रे जगभर गेली. तरी लग्नचौक हा मुळात विधी आहे. सवाशिणी तो भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात आणि धवलेरी (लग्न लावणारी स्त्री) गाते, तेव्हाच लग्न लागते. नक्षीचा नमुना म्हणून चौक चौकटीत बसवला की गाणे आणि भिंत दोन्ही सुटतात. तारपा या फुंकवाद्यावरच्या नाचाचे चित्र मात्र मोकळेपणाने मांडता येते : नाचणाऱ्यांची साखळी तारपा वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत जाते, प्रत्येक आकृती दोन त्रिकोणांचीच असते, तरी हाताने काढलेल्या दोन आकृती कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

चित्रकाराचे नाव पाटीवर आणि विणकराचे नाव कुठेच नाही, ही जुनी रीत अशा प्रदर्शनात चालू ठेवता कामा नये. पदर ज्याने किंवा जिने विणला, त्याचे वा तिचे नाव, गाव आणि लागलेले दिवस पाटीवर असले पाहिजेत.