अंतराळात माणसाचा जीव कशाने जातो?

अंतराळात हवा नाही, म्हणजे तिथे श्वास घेता येणार नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण प्रश्न तेवढाच असता तर एव्हरेस्टवर चढणाऱ्यांसारखं पाठीवर सिलिंडर आणि तोंडाला मास्क लावून भागलं असतं. तसं भागत नाही. हवा आपल्याला नुसता ऑक्सिजन देत नाही, ती आपल्याला चहूबाजूंनी दाबूनही धरते. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. अख्ख्या अंगाचा हिशेब केला तर तो १५ टनांच्या पुढे जातो. आतूनही तेवढाच दाब असल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

हा दाब एकाएकी गेला तर काय होतं, हे एका माणसाने भोगलं आणि तो ते सांगायला जगला. १४ डिसेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनला नासाचे तंत्रज्ञ जिम लेब्लाँ निर्वात कक्षात अंतराळपोशाखाची चाचणी घेत होते. पोशाखात दाब टिकवणारी नळी निसटली. साधारण १४ सेकंदांत ते बेशुद्ध होऊन मागे कोसळले. बाहेरच्यांनी कक्षात भराभर हवा सोडली आणि ते शुद्धीवर आले. शुद्ध हरपण्याआधीचं शेवटचं त्यांना आठवत होतं ते एवढंच, की जिभेवरची लाळ बुडबुडत होती.

लाळ गरम झाली नव्हती. पाणी किती तापमानाला उकळणार, हे त्यावरच्या दाबावर ठरतं. लेहला, साडेतीन हजार मीटर उंचीवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तिथे कुकरशिवाय डाळ धड शिजत नाही. असंच वर जात राहिलं तर सुमारे १९ किलोमीटरवर पाणी ३७ अंशांनाच उकळू लागतं. हे आपल्या अंगाचं तापमान! त्याच्या वर उघड्यावरची लाळ आणि डोळ्यांतलं पाणी वाफ होऊन उडू लागतं. रक्ताचं मात्र तसं होत नाही, कारण रक्तवाहिन्यांना आपला स्वतःचा दाब असतो. अंग सुजतं, पण कातडी चिवट असते. माणूस फुटत नाही. तो क्षणात गोठतही नाही, कारण उष्णता वाहून न्यायला भोवती हवाच नसते; ती फक्त प्रारणाने, सावकाश जाते.

मग १४ सेकंदांतच शुद्ध का जाते? पाण्याखाली आपण मिनिटभर सहज दम धरतो. निर्वातात ते जमत नाही, कारण फुप्फुसांचं काम उलटं सुरू होतं: रक्त हवेतून ऑक्सिजन घेण्याऐवजी रक्तातलाच ऑक्सिजन फुप्फुसांत येऊन बाहेर निघून जातो. ते रिकामं रक्त मेंदूपर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच मुदत. दम कोंडून धरणं तर आणखी घातक, कारण आतली हवा फुगून फुप्फुसं फाटतात.

३० जून १९७१ रोजी सोयूझ ११ या सोव्हिएत यानात दाब असाच एकाएकी गेला. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव हे तिघे सल्यूत स्थानकावरून परतत होते. यानाचे भाग सुटे होताना एक झडप अवेळी उघडली आणि कुपीतली हवा निघून गेली. दाबपोशाख कुणाच्याच अंगावर नव्हता. तिघांना बसवायचं तर त्याला जागाच नव्हती. कुपी पॅराशूटने व्यवस्थित उतरली. दार उघडलं तेव्हा तिघेही गतप्राण होते. त्यानंतर सोयूझमधून काही वर्षं दोघेच जात, दाबपोशाख घालून. तिसऱ्या माणसाची जागा पोशाखांना देण्याचा तो निर्णय मला अवकाश-इतिहासातल्या सगळ्यांत शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो.

पोशाखाचंही सोपं नाही. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले. बाहेर दाब शून्य, त्यामुळे पोशाख आतून फुगला, ताठरला. बोटं हातमोज्यांतून मागे सरकली. शेवटी आतली थोडी हवा सोडून देऊन ते कसेबसे आत शिरले. म्हणूनच पोशाखात पूर्ण दाब ठेवत नाहीत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या अमेरिकी पोशाखात तो जमिनीवरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतो, आणि आत शुद्ध ऑक्सिजन भरलेला असतो. तसंच बाहेर पडलं तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतील, म्हणून आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेऊन तो नायट्रोजन काढून टाकावा लागतो.

सिनेमात भिंतीला भोक पडलं की माणूस बाहेर खेचला जातो. पोकळी काही खेचत नसते, आतली हवा ढकलत असते, आणि किती जोराने ते भोकाच्या आकारावर ठरतं. ऑगस्ट २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडलेल्या सोयूझला सुमारे २ मिलिमीटरचं छिद्र सापडलं. एवढ्या छिद्रावर हवेचा जोर पडतो जेमतेम ३० ग्रॅम. स्थानकातली हवा शेकडो घनमीटर, त्यामुळे गळती इतकी मंद होती की रात्री दाब घटतोय हे कळल्यावरही अंतराळवीरांना झोपेतून उठवलं नाही. सकाळी शोधाशोध झाली. अलेक्झांडर गेर्स्ट यांनी छिद्रावर सरळ बोट ठेवलं, आणि नंतर ते टेप व इपॉक्सीने बुजवण्यात आलं.