डेंग्यूची वर्गवारी आणि पावसाळ्यानंतरचे वॉर्ड : पार्श्वभूमी

गणपती बसले की राज्यातल्या मेडिसिन वॉर्डांत डेंग्यूचे रुग्ण वाढू लागतात आणि दिवाळी उलटून थंडी पडेपर्यंत ते येत राहतात. ऑगस्ट ते नोव्हेंबरचा हा चढ देशातल्या बहुतेक रुग्णालयीन अभ्यासांत दिसतो. तीव्र डेंग्यूचं प्रमाण मात्र प्रत्येक अभ्यासात वेगळं. याचं एक मोठं कारण म्हणजे रुग्णाला कोणत्या रकान्यात बसवायचं, हा अजून न मिटलेला वाद.

हाडं मोडून आणणाऱ्या तापाच्या साथींची वर्णनं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतात. त्यांतल्या काही चिकुनगुन्याच्याही असाव्यात. भारतात हा विषाणू १९४०च्या दशकात कोलकात्यात वेगळा केला गेला. १९६३-६४ मध्ये त्याच शहराने रक्तस्रावासह आलेली साथ पाहिली. पण डेंग्यूने जीव जातो हे सर्वसामान्यांना कळलं ते १९९६च्या दिल्लीतल्या साथीत. त्या वर्षी देशभरात साडेसोळा हजार रुग्ण आणि ५४५ मृत्यू नोंदले गेले.

तेव्हा डॉक्टरांच्या हाती असलेले निकष मुलांच्या वॉर्डातून आलेले होते. १९५०च्या दशकात मनिला आणि बँकॉकमध्ये लहान मुलं रक्तदाब कोसळून शॉकमध्ये जाऊन दगावली. प्रामुख्याने थायलंडमधल्या त्या अनुभवावर १९७५ मध्ये ‘रक्तस्रावी डेंग्यू’ची व्याख्या बेतली गेली. ताप, रक्तस्रावाची खूण, एक लाख किंवा त्याहून कमी प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) आणि रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्याचा पुरावा, या चारही अटी पूर्ण व्हायला हव्यात. पाझरण्याचा पुरावा म्हणजे मुख्यतः हिमॅटोक्रिटमध्ये, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीत, २० टक्के वाढ, किंवा छातीत-पोटात साठलेलं पाणी.

आपल्याकडच्या प्रौढ रुग्णाला हे माप नीट बसत नाही. तो दाखल होतो तोवर गल्लीतल्या दवाखान्यात सलाईनच्या दोन बाटल्या लागलेल्या असतात, त्यामुळे वाढलेला हिमॅटोक्रिट पुन्हा खाली आलेला असतो. ॲनिमिया असलेल्या बाईचा एरवीचा हिमॅटोक्रिट ३० असेल, तर ३६ ही नेमकी २० टक्के वाढ झाली; पण रिपोर्टवर तो आकडा नॉर्मल दिसतो. एक अट हुकली म्हणून शॉकमधला रुग्णही कागदोपत्री साध्या डेंग्यूतच राहायचा.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची नवी वर्गवारी आली : धोक्याची लक्षणं नसलेला डेंग्यू, लक्षणं असलेला डेंग्यू आणि तीव्र डेंग्यू. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी, यकृत वाढणं, प्लेटलेट झपाट्याने उतरताना हिमॅटोक्रिट चढणं, यांतलं काही दिसलं की रुग्णाला दाखल करून लक्ष ठेवायचं. आग्नेय आशियातल्या अनुभवी बालरोगतज्ज्ञांनी याला विरोध केला. ही लक्षणं इतकी ढोबळ आहेत की हंगामात खाटा पुरणार नाहीत, हा त्यांचा आक्षेप खराच आहे. संघटनेच्याच आग्नेय आशिया विभागाच्या २०११च्या सूचनांत जुनी व्याख्या कायम राहिली. आपल्याकडेही दोन्हींचं मिश्रण चालू आहे, म्हणून एका मेडिकल कॉलेजचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत.

तरीही प्रौढांच्या वॉर्डात २००९ची वर्गवारीच जास्त उपयोगी आहे. ताप उतरतो आणि घरच्यांना हायसं वाटतं, तेव्हाच, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, रुग्ण ढासळू शकतो. नवी वर्गवारी त्याच काळावर बोट ठेवते. जुन्या चार अटींपैकी लोकांच्या मनात फक्त एक लाखाचा आकडा रुतून बसला. नातेवाईक ‘पेशी किती?’ एवढंच विचारतात आणि रक्तपेढीकडे धावतात. हिमॅटोक्रिट कोणी विचारत नाही. रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळत नाही, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

हंगामाचं गणित पावसाशी जोडलेलं आहे, पण पूर्णपणे नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळताच उघडतात. मराठवाड्यात नळ आठवड्यातून एकदा आला की बॅरल-रांजण भरून ठेवावेच लागतात, त्यामुळे भर उन्हाळ्यातही डासांची सोय होते.

देशातली नोंद २०१०च्या सुमारे २८ हजारांवरून २०१७ मध्ये १.८८ लाख आणि २०२३ मध्ये २.८९ लाखांवर गेली. मधल्या २०२० मध्ये ती ४५ हजारांच्या आत होती, पण त्या वर्षी कोविडमुळे तपासण्याच घटल्या होत्या. एकूण वाढीत एनएस-१ (रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधणारी) चाचणी सर्रास होऊ लागल्याचाही वाटा आहे. ही चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची चाचणी. खासगी दवाखान्यात झटपट चाचणीच्या कार्डवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण सरकारी हिशेबात प्रयोगशाळेतली एलायझा चाचणी होईपर्यंत संशयितच राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गर्दीत नमुना पुढे पाठवणं राहून जातं आणि सर्वाधिक रुग्णांचा महिनाच नोंदीत कमी दिसू शकतो.