वाळूत खेळणं म्हणजे वेळ वाया? एक खुलासा

‘तीन वर्षांचं झालं की हातात पाटी-पेन्सिल द्या, वाळूत काय शिकणार?’ हा समज आपल्या किनारपट्टीवर घरोघरी आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. अक्षर गिरवायला आधी बोटांत ताकद लागते, वाचायला आधी शब्दांचा साठा. ओली वाळू थापताना, शिंपले चिमटीत उचलताना बोटं तयार होतात. शब्द मात्र आपोआप येत नाहीत. शेजारी बोलणारं माणूस हवंच. ‘हा शिंपला खरखरीत, तो गुळगुळीत. भिजल्यावर वाळू घट्ट का झाली गं?’ बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या किनाऱ्यावरील बोर्डी गावात ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं, तेही शंख-शिंपले, पानं, बिया हाताशी घेऊन. बिया लहानग्यांच्या नाकातोंडात जातात, तेवढी नजर ठेवा.